गाडीला मागून ठोकलं आणि मान-पाठ धरली? पुण्यात काय काय करायचं, क्रमाने

अपघातात रक्त आलं, हाड मोडलं तर सगळे धावतात. मानेचं आणि पाठीचं तसं नसतं. बाहेरून काहीच दिसत नाही, माणूस गाडीतून स्वतः उतरतो, समोरच्याशी भांडतो, बंपर चेपलाय का बघतो, घरी येऊन जेवतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलता येत नाही. तोपर्यंत ठोकणारा निघून गेलेला असतो, चौकीत काही नोंद नसते आणि जर डॉक्टरकडे गेलाच असाल तर त्या कागदावर मानेचं नावही नसतं. मला वारज्याजवळ मागून टेम्पोने ठोकलं होतं, तिथून पुढे हॉस्पिटल, चौकी, इन्शुरन्स, शिवाजीनगर कोर्ट हे सगळं बघून झालं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही, तेव्हा औषधाचं डॉक्टरांना आणि कलमांचं वकिलांना विचाराच. पण उपचार आणि कागद दोन्ही पहिल्याच दिवशी सुरू करायचे असतात, हे कुणी आधी सांगत नाही.

१. जागेवर: आधी मान, मग बंपर

११२ ला फोन करा, ॲम्ब्युलन्स हवी असेल तर १०८. गाडीत कोणी मानेच्या मधोमध दुखतंय म्हणत असेल, हातापायात मुंग्या येतायत म्हणत असेल किंवा पाय हलत नसेल तर त्याला ओढून बाहेर काढू नका. आपल्याकडे चार जण जमतात, दोघं खांदे धरतात, दोघं पाय, आणि रिक्षात कोंबतात. मणका मोडलेला असेल तर नुकसान तिथेच वाढतं. आग लागली असेल किंवा मागून गाड्या येऊन आदळायची भीती असेल तरच हलवायचं, आणि तेही डोकं-मान-पाठ एका रेषेत धरून. नाहीतर कोणीतरी दोन्ही हातांनी त्याचं डोकं स्थिर धरून बसायचं आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघायची. पाणी पाजायला उठवून बसवायचं नाही.

मदत करणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही. मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आहे, त्यानुसार चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि पोलीस तुमचं नाव-पत्ता द्यायची सक्ती करू शकत नाहीत.

तुम्ही ठीक असाल तर फोटो काढा: दोन्ही नंबरप्लेट, गाड्या हलवायच्या आधीची स्थिती, समोरच्याचं लायसन्स, आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या. दुकानाच्या पाटीचा फोटो का, तर नंतर सीसीटीव्ही कुठे असेल ते त्यावरून कळतं. दुकानांचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी पुसलं जातं, त्यामुळे पोलिसांना लगेच सांगायचं. बघणाऱ्या एका-दोघांचे नंबर घेऊन ठेवा.

आणि आता सगळ्यात मोठा सापळा. समोरचा म्हणतो "दादा, कशाला पोलीस, मिटवून टाकू, बंपरचे पैसे घ्या." बंपरचं मिटवायचं तर तुमची मर्जी, पण "आता माझी काही तक्रार नाही" असं काहीही लिहून देऊ नका. मानेचं दुखणं बऱ्याचदा काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. उभ्या पीएमटी बसला ड्रायव्हरने एकदम रेस दिली की उभ्या माणसाचं डोकं जसं मागे जातं तसंच इथे होतं, सीट तुमची पाठ पुढे ढकलते, डोकं मागे राहतं आणि मग झटक्याने पुढे येतं, आणि हे इतकं पटकन होतं की मानेच्या स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. त्या वेळी अंगात भीतीचा आणि रागाचा जोर असतो म्हणून दुखत नाही. गाडीला फार काही झालं नाही म्हणजे मानेला पण झालं नसेल, हा हिशोब चुकीचा आहे.

२. दवाखाना: त्याच दिवशी, आणि तोंडाने नीट सांगायचं

फॅमिली डॉक्टरकडे नंतर जा, आधी ज्या हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टी आहे तिथे जा. कारण दोन. एक, तिथे एक्स-रे, सीटी होतं. दोन, तिथे एमएलसी होते, म्हणजे अपघाताची केस म्हणून नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. सरकारी हवं असेल तर स्टेशनजवळ ससून आहे, पिंपरीत वायसीएम आहे, औंधला जिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या खाजगी हॉस्पिटलमध्येही एमएलसी होते. काउंटरवरून बाहेर पडताना एमएलसी नंबर मागून घ्या, फोटो काढून ठेवा. काही ठिकाणी "साधं दुखणं आहे, एमएलसी कशाला" म्हणून टाळतात, तेव्हा शांतपणे सांगायचं की रस्त्यावरचा अपघात आहे, नोंद हवी आहे.

डॉक्टर घाईत असतात, गुडघ्यातून रक्त येत असेल तर गुडघाच लिहितात. त्यामुळे डोक्यापासून पायापर्यंत जे जे दुखतंय, थोडंसं का असेना, ते सगळं सांगा आणि लिहिलं का ते बघा. गाडी किती वाजता, कुठे, कशाने, मागून का बाजूने ठोकली हेही कागदावर यायला हवं. "पेशंट पडला" एवढंच लिहिलेलं असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या, नंतर इन्शुरन्सचा वकील त्याच एका शब्दावर उड्या मारतो.

पुढचं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजता पण जायचं:

- हाताला किंवा पायाला बधिरपणा, जोर कमी होणं, चालताना तोल जाणं
- लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शी वरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधला भाग बधिर वाटणं
- मान दोन्ही बाजूला अर्धी सुद्धा वळत नाही
- उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी
- चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोलताना अडखळणं (मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर असं होतं)
- पोटावर सीटबेल्टचा वळ आणि सोबत कंबरदुखी, कारण यात आतल्या अवयवांना आणि कमरेच्या मणक्याला दोन्हीला मार असू शकतो

घरातले आजी-आजोबा गाडीत होते का? ६५ च्या पुढे डॉक्टर मानेची तपासणी करायला जास्त तयार असतात आणि ते बरोबर आहे. हाडं ठिसूळ झालेली असतील तर साध्या धक्क्याने पण पाठीचा मणका दबतो, आणि आपल्या आज्या "काही नाही रे, उसण भरलीय" म्हणून आठवडाभर काढतात.

एक्स-रे, सीटी, एमआरआय यातलं काय? थोडक्यात: फ्रॅक्चर बघायला सीटी एक्स-रेपेक्षा खूप चांगलं, दोन मणक्यांमधली गादी (डिस्क), लिगामेंट, नस आणि मज्जारज्जू बघायला एमआरआय. प्रत्येकाला सगळं लागत नाही. मान नीट वळतेय, मुंग्या नाहीत, मधोमध दाबल्यावर दुखत नाही, तर डॉक्टर काहीच न काढता घरी पाठवतील, याचा अर्थ त्यांनी दुर्लक्ष केलं असा नाही.

पैशांचं: रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्राची कॅशलेस योजना मे २०२५ मध्ये आली, त्यात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंत उपचार ठरवून दिलेल्या हॉस्पिटलमध्ये होतात. कॅज्युअल्टीतच विचारा की तुमचं हॉस्पिटल त्यात आहे का. पोलिसांकडून अपघात झाल्याची खात्री लागते, म्हणून परत तेच, पोलिसांना पहिल्या दिवशी कळवलेलं असलं पाहिजे.

३. रिपोर्ट हातात आला की लगेच गुगल करू नका

एक्स-रेच्या रिपोर्टवर बऱ्याचदा लिहून येतं की मानेचा नैसर्गिक बाक कमी झालाय. वाचून घाम फुटतो. स्नायू आखडले की बाक सरळ दिसतो, काही जणांचा मुळातच तसा असतो. एमआरआयमध्ये गादी फुगलीय, असं येतं. तिशीतल्या, कधीच काही न दुखलेल्या माणसांच्या कमरेचे एमआरआय काढले तरी साधारण ४० टक्क्यांमध्ये गादी फुगलेली सापडते, वय वाढेल तसं हे प्रमाण आणखी वाढतं. म्हणजे रिपोर्टमधलं सगळंच अपघाताने झालेलं नसतं. हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवायचं: घाबरून ऑपरेशनला पळायचं नाही, आणि भरपाईच्या दाव्यात समोरचा वकील "हे जुनंच आहे" म्हणणार याची तयारी ठेवायची. आधी मान-पाठ कधी दुखली नव्हती किंवा दुखली होती तर किती, हे डॉक्टरला खरं सांगा. लपवलेलं जुनं दुखणं कोर्टात बाहेर आलं तर खऱ्या दुखण्यावर पण कोणी विश्वास ठेवत नाही.

ऑपरेशन सुचवलं आणि हातापायाची ताकद कमी होत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. पुण्यात स्पाईनचे डॉक्टर भरपूर आहेत, वाईट वाटून घेत नाहीत.

४. पहिले काही आठवडे: झोपून राहायचं नाही

फ्रॅक्चर नाही, नस दबलेली नाही असं डॉक्टरने सांगितलं असेल तर हे. पूर्वी मानेला पट्टा लावून पंधरा-वीस दिवस झोपवायचे, घरातले ज्येष्ठ अजून तेच सांगतात. आता उलट आहे. पट्टा लावायला सांगितलाच तर थोडे दिवस, सांगितलं तेवढाच. सारखा लावून ठेवला की स्नायू आळशी होतात आणि मान आणखी आखडते. सोसेल तेवढं हलवत राहायचं: मान हळू डावी-उजवी, खांदे वर-खाली, हनुवटी आत ओढून थोडी धरायची, घरातल्या घरात चालायचं. थोडं दुखेल, ते चालतं. मुंग्या वाढल्या तर थांबायचं आणि डॉक्टरला सांगायचं.

मालीश. यावर मी थोडा तापतो. अपघातानंतर लगेच कुणाच्यातरी ओळखीचा हाडवैद्य येतो, "एका झटक्यात मान मोकळी करतो" म्हणतो. आत काय झालंय हे माहीत नसताना मानेला झटका देऊन घेणं म्हणजे स्वतःहून संकट बोलावणं. हलकं तेल लावून शेकलं तर हरकत नाही, गरम किंवा थंड, ज्याने बरं वाटेल ते. झटका नाही.

फिजिओथेरपी घराजवळची बघा. कोथरूडच्या माणसाने नाव मोठं म्हणून खराडीला फिजिओला जायचं ठरवलं तर जाता-येताच्या खड्ड्यांत व्यायामाचा सगळा फायदा निघून जातो. मशीन लावून झोपवणाऱ्यापेक्षा व्यायाम शिकवून घरी करायला लावणारा चांगला. टू-व्हीलरवर मागे बसणं आणि बसच्या शेवटच्या सीटवर बसणं दोन्ही टाळा, गचका तिथेच सगळ्यात जास्त बसतो. रिक्षावाल्या काकांना आधीच सांगायचं की पाठीचा त्रास आहे, स्पीडब्रेकरला हळू घ्या, बहुतेक जण घेतात, आणि एखादे आख्ख्या रस्ताभर स्वतःच्या मणक्याची कहाणी ऐकवतात.

आयटीवाल्यांनी लॅपटॉप मांडीवर घेऊन वर्क फ्रॉम होम करू नये. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला, खाली दोन जाड पुस्तकं ठेवली तरी काम होतं. झोपताना उशी एकच. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत बरंच कमी होतं, काहींचं जास्त चालतं. झोप लागत नसेल किंवा गाडीत बसायचीच भीती वाटत असेल तर तेही डॉक्टरला सांगा, त्यानेही दुखणं लांबतं.

५. पोलीस: आधी हद्द, मग तक्रार

पुण्यात नवीन माणूस इथेच गोंधळतो. पुणे शहर वेगळं, पिंपरी-चिंचवड आयुक्तालय २०१८ पासून वेगळं, आणि पुणे ग्रामीण तिसरं. हिंजवडी, वाकडला अपघात झाला तर पिंपरी-चिंचवड. हद्द आमची नाही म्हणून परत पाठवायला लागले तर झिरो एफआयआरचं नाव काढा, नवीन कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे बीएनएसएस, कलम १७३) गुन्हा कुठेही घडला असला तरी नोंद घ्यायची तरतूद आहे, नंतर ते योग्य ठाण्याकडे पाठवतात.

जबाब देताना जे दुखतंय ते इथेही सांगा, मान आणि पाठ हे शब्द जबाबात यायला हवेत. वाचल्याशिवाय सही नाही. कायद्यात गंभीर दुखापत म्हणजे काय याची यादी आहे, त्यात हाड मोडणं आहे आणि १५ दिवस तीव्र वेदना किंवा रोजचं कामकाज करता न येणं हेही आहे. म्हणून डॉक्टरने विश्रांती सांगितली असेल तर ती तारखेसकट लिहून घ्या आणि ते सर्टिफिकेट तपास करणाऱ्या हवालदारांना नेऊन द्या, पोच घ्या.

एफआयआरची कॉपी तक्रारदाराला फुकट मिळते. घटनास्थळाच्या पंचनाम्याची कॉपी पण मागून ठेवा. नियमानुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल कोर्टात द्यायचा असतो, अधूनमधून जाऊन नम्रपणे विचारत राहा. उशिरा तक्रार दिली म्हणून दावा आपोआप बाद होत नाही, पण उशीर का झाला हे सांगावं लागतं, आणि तेव्हा पहिल्या दिवशीचा एमएलसी कागदच उपयोगी पडतो.

६. इन्शुरन्स: कुणाच्या पॉलिसीतून काय

इथे लोक सगळ्या पॉलिसींची भेळ करतात.

समोरच्याची चूक असेल तर तुमच्या शरीराचं नुकसान त्याच्या गाडीच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून. त्याच्या गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की इन्शुरन्स चालू आहे का ते दिसतं.

तुमच्या पॉलिसीतला मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा मृत्यू आणि कायमच्या मोठ्या अपंगत्वासाठी असतो. मान दुखतेय, फिजिओचं बिल आलंय, यासाठी तो नाही. बरेच जण तिकडे अर्ज करून वेळ घालवतात.

तुमच्याच गाडीत बसलेले नातेवाईक, आणि चूक तुमच्या ड्रायव्हरची? तुमची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खाजगी कारमधल्या त्यांना साधारणपणे इन्शुरन्स कंपनीकडून मिळत नाही, पॅकेज (कॉम्प्रिहेन्सिव्ह) पॉलिसी असेल तर मिळतं. वर्षाला चार पैसे वाचवायला थर्ड पार्टीवर भागवणाऱ्यांनी हे वाचावं.

ठोकून पळून गेला आणि गाडी सापडलीच नाही तर सरकारी भरपाई आहे: गंभीर दुखापतीला ५० हजार, मृत्यूला २ लाख. रक्कम काही फार नाही, पण अर्ज करा.

मेडिक्लेम असेल तर हॉस्पिटलचं बिल आधी तिथून. कंपनी ओरिजिनल कागद ठेवून घेते, म्हणून द्यायच्या आधी सगळ्याच्या झेरॉक्स काढा आणि हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्या.

७. फाईल

एक जाड फाईल आणा, फोनवरच्या फोटोंवर अवलंबून राहू नका. त्यात:

- एमएलसी नंबर, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, दुखापतीचं सर्टिफिकेट
- एक्स-रे/सीटी/एमआरआयच्या फिल्म आणि रिपोर्ट दोन्ही
- औषधांची बिलं, सोबत त्या औषधांची चिठ्ठी (चिठ्ठीशिवाय बिल म्हणजे रद्दी)
- फिजिओची पावती, तारखा लिहिलेली
- रिक्षा-कॅबची बिलं
- एफआयआर, पंचनामा, जबाब
- आरसी, लायसन्स, पॉलिसी, दोन्ही गाड्यांची मिळेल तेवढी
- पगाराच्या स्लिप, आयटीआर, आणि ऑफिसकडून रजेचं पत्र. रजा बिनपगारी होती का भरपगारी हे त्यात स्पष्ट हवं. धंदेवाल्यांनी बँक स्टेटमेंट, जीएसटी भरत असाल तर ते.

शिवाय एक वही. आज किती वेळ बसता आलं, रात्री उठावं लागलं का, मुलाला उचलता आलं का, दोन ओळी पुरे. वर्षाने कोर्टात विचारतात तेव्हा काही आठवत नाही.

८. परत स्टिअरिंगवर

मान दोन्ही खांद्यांकडे वळवून मागचं बघता येत नसेल तोवर गाडी चालवू नका, झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असतील तरी नाही. बसण्याआधी हेडरेस्ट बघा. आपल्याकडे तो शोरूममधून आला तसाच खाली दाबलेला असतो. त्याचं वरचं टोक डोक्याच्या माथ्याइतकं वर आणि डोक्याच्या मागे शक्य तितकं जवळ हवं, सीट फार मागे झुकवली की ते अंतर वाढतं. मागच्या सीटवरचे हेडरेस्ट सुद्धा वर ओढा, आणि मागचे सीटबेल्ट सीटच्या खाली गेले असतील तर बाहेर काढा. जोराचा अपघात झाला असेल तर गॅरेजवाल्याला सीटबेल्ट आणि सीटचा सांगाडा तपासायला सांगा, तो फक्त डेंटिंग-पेंटिंगच बघतो.

आणि कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे येताना तो उतार लक्षात ठेवा. मागून येणारा भरलेला ट्रेलर तुमच्यासारखा थांबू शकत नाही. पुढे ट्रॅफिक थांबलेलं दिसलं की हजार्ड लाईट लावा, आरशात बघत राहा, आणि तुमच्या आणि पुढच्या गाडीच्या मध्ये थोडी जागा सोडा.

९. दावा: शिवाजीनगर

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण शिवाजीनगरच्या जिल्हा कोर्टात आहे. अपघात खोपोलीजवळ झाला आणि तुम्ही पुण्यात राहत असाल तरी दावा पुण्यात टाकता येतो, रायगडला खेपा घालायची गरज नाही. कायद्यात मुदत अपघातापासून सहा महिन्यांची आहे. "दुखणं पूर्ण बरं झाल्यावर बघू" म्हणत बसलात तर ती निघून जाते. आधी दावा दाखल करा, उपचाराचे कागद नंतर जोडता येतात.

वकील ओळखीतून शोधा. हॉस्पिटलच्या दारातच भेटणारा, "तुम्ही काही करू नका, फक्त इथे सह्या करा" म्हणणारा एजंट टाळा, कोऱ्या वकीलपत्रावर सही तर अजिबात नको. मिळालेल्या रकमेत टक्का ठरवून फी घेणं वकिलांना त्यांच्या नियमांनी मना आहे, तरी सर्रास विचारतात. फी आकड्यात ठरवा.

मान-पाठीच्या दाव्यात सगळी ओढाताण अपंगत्वाच्या टक्क्यांवर असते. कायमचं काही राहिलं असेल तर उपचार संपल्यावर सरकारी रुग्णालयातून तपासून सर्टिफिकेट घ्यायचं. पण डॉक्टरने लिहिलेले टक्के आणि तुमच्या कमाईवर झालेला परिणाम या वेगळ्या गोष्टी आहेत, सुप्रीम कोर्टाने २०१० च्या एका निकालात हे स्पष्ट केलंय. पाठीचं तेच १० टक्के अपंगत्व खुर्चीतल्या कारकुनाला वेगळं आणि मार्केट यार्डातल्या हमालाला वेगळं. त्यामुळे तुमचं काम नेमकं काय होतं, किती वजन उचलायचात, किती तास गाडी चालवायचात, हे पुराव्यासह मांडायला वकिलाला सांगा. सर्टिफिकेट देणाऱ्या डॉक्टरना साक्षीला यावं लागू शकतं, त्यांना आधीच विचारून ठेवा.

मध्येच लोकअदालतीत इन्शुरन्स कंपनी तडजोडीचा आकडा देते. लवकर पैसे मिळतात, वाईट नाही, पण त्यानंतर त्या अपघातासाठी परत मागता येत नाही. म्हणून पुढे इंजेक्शन, ऑपरेशन लागेल का हे डॉक्टरकडून लिहून आणल्याशिवाय हो म्हणू नका. रक्कम मंजूर झाली की ती बँक खात्यात येते, तेव्हा पासबुक आणि पॅनची झेरॉक्स मागतात, ती आत्ताच फाईलच्या शेवटी लावून ठेवा.